सावडीतली फेरी

सन दोन हजार पंचवीस. श्रावण सरत आलेला, पोळा उद्यावर. मी बन्सीधरचा टेम्पो बोलतोय. थोडक्यात सांगतो. जास्त बोलायची मला सवय नाही.

आधी एका अडत्याचं धान्य वाहिलं. त्यानं नवी गाडी घेतली आणि मला चिंचेखाली सोडलं. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. बन्सीधरनं मला तिथून उचललं. ऑनलाइन दुकानांची पार्सलं परभणीहून मानवतला न्यायची, घरोघर वाटायची, हे माझं काम. परतताना पोट रिकामं.

मानवतचा सूर्यभान सुती कासरे आणि बैलांच्या कपाळावर बांधायच्या माथोट्या बनवतो. त्याची पिकअप परभणीला भरून जाई, रिकामी येई. दोघांनी गाड्यांची सावड केली. एकेक बैल असलेले दोघे शेतकरी जोडी जुंपून दोन्ही रानं करतात, तशी. एक दिवस दोघांचा माल मी नेणार, एक दिवस पिकअप. पैसा मधे नाही. फेरीला फेरी.

ज्येष्ठात माझा गिअरबॉक्स गेला. पाळी नसताना सूर्यभाननं दुसऱ्या बाजाराला निघालेला स्वतःचा माल उतरवून बन्सीधरची पार्सलं वाटली. ती फेरी आमच्याकडे फेडायची राहिली.

आज मानवतला पोचलो, तर सूर्यभान रस्त्यातच उभा. पिकअपच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला. वर्षाचा माल शेडमध्ये, आणि पालमचा पोळ्याचा बाजार संध्याकाळी उठणार.

“बन्सीधर, पोळा गेल्यावर ह्या माथोट्या काय मी बांधून फिरू?”

“शोभतील तुला. शिंगंच तेवढी न्हाईत.”

हसलं कोणीच नाही. बन्सीधरनं वाटपाच्या ठेकेदाराला, परमेश्वरला, फोन लावला.

“पार्सलं उद्या सकाळी वाटतो, साहेब.”

“आज न्हाई वाटली तर उद्या तुमी येऊच नका. दुसरी गाडी लावतो.”

फोन बंद झाला. सूर्यभानचा चेहरा उतरला.

“राहू दे. तू पार्सलं वाट. घरी खाणारी तोंडं हायत तुझ्या.”

“गप बस. गठ्ठे टाक.”

पार्सलं शेडमध्ये उतरली, गठ्ठे माझ्यात चढले. माझा रेडिएटर गळतोय हे बन्सीधरला ठाऊक होतं. मलाही. गोदावरीचा पूल ओलांडला आणि इंजिनाच्या तापाचा काटा लालवर गेला. दोघांनी प्यायचं पाणी माझ्यात ओतलं. ते संपल्यावर एका धाब्यावरून घागर मागून आणली. पुन्हा वाफ.

“पोचंल का रे?” सूर्यभान सारखा विचारत होता. बन्सीधर काट्यावर नजर ठेवून मला रेटत होता.

मायबाप, मी कधी कुणाला काही मागितलं नाही. पालमच्या अलीकडच्या चढावर मागितलं. एवढी चाकं फिरू द्या. मग मला मोडीत घाला.

पालमला शिरलो, तेव्हा बाजारातली पालं सुटू लागली होती. बैलवाले अजून फिरत होते. बाजारात शिरताच इंजिन धडधडलं आणि जाम झालं. बन्सीधरनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग ती खिशात टाकून तो गठ्ठे उतरवायला लागला. गिऱ्हाईकांची झुंबड उडाली.

शेवटचा गठ्ठा सूर्यभानच्या खांद्यावर गेला.

फेरी फिटली.