पाण्याची चावी कोणाच्या घरी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चावी आहे. कुलपाची नव्हे, पाण्याची. उभी केली तर माणसाच्या कंबरेला लागेन. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलायचं, मला आत उतरवायचं, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचं आणि दोन्ही हातांनी फिरवायचं. मग त्या गल्लीतले नळ वाहू लागतात.

लोहाराने मला एका मोडक्या फाटकाच्या गजातून घडवलं आणि मी पाणीखात्याच्या कचेरीत आले. तिथला माणूस मला खांद्यावर टाकून निघायचा आणि मनाला येईल तेव्हा पाणी सोडायचा. पाणी कधी येणार, हे विचारायला लोक कचेरीत जायचे आणि दारात ताटकळायचे. शेवटी आमच्या तिन्ही गल्ल्यांनी मिळून मागणी केली की, आमचं पाणी आम्हीच सोडू. पुढाकार दवाखान्यातल्या कंपाउंडर काकांचा होता.

कचेरीतले साहेब म्हणाले, "घ्या बाबा. पण मग भांडणं घेऊन इथे येऊ नका."

लोक पुन्हा तिथे गेले नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात दर महिन्याला सभा भरू लागली. दर महिन्याला मी नव्या घरी जायचं ठरलं. शिवाय एक नियम झाला: चावी ज्याच्या घरी, त्याच्या गल्लीला पाणी शेवटी.

"म्हणजे राबायचंही मी आणि रिकामी बादली घेऊन बसायचंही मीच?" एकाने विचारलं.

"हो. म्हणजे तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही," काका म्हणाले. लोक हसले आणि हात वर झाले.

नियम चालला. दुसऱ्या वस्त्यांतली माणसं मला बघायला येऊ लागली. काका मला उचलून दाखवायचे आणि मीही मिरवून घ्यायचे.

पाणी वेळेवर येऊ लागलं तशी सभेची गर्दी ओसरली. एकदा पाळी खालच्या गल्लीतल्या शिंपीदादाची होती. मशीनवरून मान वर न करताच तो म्हणाला, "शाळेचे गणवेश घेतलेत शिवायला. काका, तुम्हीच ठेवा. तुमचा हात बसलाय." पुढच्या महिन्यात कोणी विचारलंच नाही. काकांनाही त्यात मान वाटला. काकूंनी दाराआड माझ्यासाठी खिळा ठोकला आणि मी तिथली झाले.

मग काकांचे गुडघे दुखू लागले. वरच्या गल्लीत पाणी चढायचं, तर आधी खालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावे लागतात. म्हणजे उतार उतरायचा आणि पुन्हा चढायचा. काका तिन्ही व्हॉल्व्ह अर्धे अर्धे उघडून घरी येऊ लागले. खाली पिंपं भरायची आणि वर नळ नुसते फुसफुसायचे.

वरच्या गल्लीत एक वहिनी लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देते. पाण्यावाचून तिची गिऱ्हाइकं तुटू लागली. एका दुपारी ती काकांच्या दारात आली.

"काका आहेत का?"

"पडलेत जरा. नंतर या," काकू म्हणाल्या.

"थांबते मी."

"थांबून काय होणार?"

"काकू, कचेरीतला शिपाई असंच म्हणायचा. पण त्याला निदान त्याचा पगार होता."

काका जागेच होते. मी दाराआडून पाहत होते. ते उठून बसले, पण बाहेर यायला त्यांचा पाय उचलेना. मलाही त्या खिळ्यावर लटकणं नकोसं झालं. कचेरीच्या ज्या दारातून मला सोडवून आणलं, तसंच दार या माणसांनी माझ्यासाठी घरात तयार केलं होतं.

काकांनी सभा बोलावली. चावी परत द्यायची का, ते ठरवायचं होतं, म्हणून व्हरांडा भरला. त्यांनी मला मधोमध फरशीवर ठेवलं.

"माझ्याने होत नाही. आधीच सांगायला हवं होतं, पण मोठेपणा सुटेना," ते म्हणाले.

"मग द्या साहेबांना. आपण सुटलो," मागून कोणीतरी बोललं.

"सुटलास तू. तुझं पिंप भरलेलं आहे," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे द्या चावी."

"नियम माहीत आहे ना? तुमची गल्ली शेवटी. तोवर टाकीत पाणी किती उरणार?" काकांनी विचारलं.

"माहीत आहे. एक महिना सोसेन. पण पुढचं नाव आत्ता ठरू दे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी फरशीवरच होते, त्यामुळे ते चेहरे मला नीट दिसले. दिसले नसते तर बरं झालं असतं. शेवटी नजरा शिंपीदादाकडे वळल्या आणि त्याने कशीबशी मान हलवली.

वहिनीने महिनाभर प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, पूर्ण बंद केला. तिच्या गल्लीला उरलेलं पाणी मिळायचं. कपडे उशिरा वाळायचे आणि ती गिऱ्हाइकांची बोलणी खायची.

महिना संपताना शिंपीदादाची मुलगी आली. "बाबा म्हणतात, एवढा एक महिना तुम्हीच ठेवा."

वहिनीने हात पुसले. मला घेऊन ती उतार उतरली आणि शिंपीदादाच्या चौकटीला तिने मला टेकवलं. आत मशीन चालू होतं.

"दादा, चावी दारात आहे. सकाळचं पाणी तुमच्याकडे."

मशीन थांबलं. ती निघून गेली.

सकाळी दार उघडलं. शिंपीदादाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. आता वरच्या गल्लीला पहिलं पाणी होतं. चौकातलं त्या गल्लीचं झाकण काढून त्याने मला चाचपडत व्हॉल्व्हवर बसवलं आणि तो तसाच उभा राहिला. काका समोर पायरीवर बसले होते.

"काका," तो हळूच म्हणाला, "कुठल्या बाजूला फिरवू?"

इतकी वर्षं तो हेच पाणी पीत होता. बादल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी ते ऐकलं. कोणी हसलं नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांनाही ते माहीत नव्हतं.

"डावीकडे," काका म्हणाले. "सावकाश."

मित्रांनो, मला तेल लावलं नाहीत तरी चालेल. गंज खरवडला की जातो. पण तुमच्या वस्तीचं जे काम तुम्ही स्वतः मागून घेतलं आहे, ते एकाच्याच खिळ्याला टांगून ठेवू नका. सभेला या. आणि पाळी यायच्या आधीच, ते कुठल्या बाजूला फिरतं, एवढं विचारून ठेवा.