हिरव्या पाकिटाखालचा स्विच

पेंगमास्तरांनी एकतीस वर्षं तैवानमधल्या शिनचूच्या कारखान्यात स्विच तपासले होते. दिव्याचे नव्हेत, घरातले संगणक एकमेकांना जोडणारे, पुढे वायरींसाठी भोकांची रांग असलेले लोखंडी डबे. त्यांच्या हाताखालून गेलेला डबा कधी बिघडून परत आला नाही, आणि आला असेल तर तसं त्यांच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती झाली नाही. त्यामुळे परवा जेवताना त्यांची मुलगी युन म्हणाली, "बाबा, घरातला स्विच बदलायला हवा, नाहीतर मला तैपेईला राहायला जावं लागेल," तेव्हा वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी लगेच मनावर घेतला. दुसरा त्यांनी सुपाबरोबर गिळून टाकला.

युन देवळांच्या मिरवणुकांवर माहितीपट करायची. सगळं चित्रण पहिल्या मजल्यावर डिस्कच्या पेटीत साठवलेलं, आणि तिचा संगणक दुसऱ्या मजल्यावर. एक फाइल वर यायला सहा मिनिटं लागत. तेवढ्यात तिचा चहा करून, पिऊन, कपसुद्धा धुऊन व्हायचा. तिची भागीदार वेन-ली हिने तैपेईत एक कचेरी बघून ठेवली होती. रविवारपर्यंत घरून काम धड झालं तर ठीक, नाहीतर सोमवारी करारावर सही, असं दोघींचं ठरलं होतं.

मास्तरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. युन गेली की तीन मजल्यांच्या घरात ते एकटे. तिने जाऊ नये असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं, पण ते तोंडाने बोलण्यापेक्षा त्यांना स्विच निवडणं सोपं वाटलं.

शनिवारी सकाळी बापलेक त्सायबाईंच्या संगणकाच्या दुकानात गेले. बाईंनी भला मोठा डबा काउंटरवर ठेवला. "हा न्या मास्तर. जुन्याच्या दहापट वेग. आजकाल सगळे हाच नेतात."

मास्तरांनी डबा उचलून वजन जोखलं आणि मागची जाळी बघितली. "पंखा आहे याला."

"वेग हवा तर पंखा येणारच की."

"आमच्या सगळ्या वायरी तिसऱ्या मजल्यावर पूर्वजांच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात येतात. दोन्ही वेळा उदबत्ती असते. हा पंखा वर्षभर राख ओढेल आणि मग बसेल खोकत."

"मग देव्हारा हलवा."

"एका डब्यासाठी पूर्वजांना उठवू? तुम्ही उठवा तुमच्यांना, मग मी विचार करतो."

त्सायबाई हसल्या, पण डबा काही त्यांनी मागे घेतला नाही. मग मास्तरांनी त्यांना वर्गात बसवल्यासारखं समजावलं. भिंतीतल्या वायरी वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः ओढलेल्या. त्या अडीचपट वेग पेलतील, दहापटीला मान टाकतील. आणि युनच्या संगणकाचं आणि डिस्कच्या पेटीचं भोकही अडीचपटीचंच. "दहावाला घरी नेला, तरी तो बोलणार कोणाशी?"

बाजूला अडीचपटीचा एक बिनपंख्याचा छोटा डबा नमुना म्हणून चालू ठेवला होता. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर तळहात सपाट टेकवला आणि मनातल्या मनात वीस मोजले. हा त्यांचा जुना नेम होता. यंत्राबद्दल काही बोलायचं तर आधी तळहात.

"गरम आहे, पण हात ठेवता येतो. हाच द्या."

"बाबा, नक्की पुरेल ना?" युनने विचारलं. "पुन्हा बदलायला वेळ नाहीये."

"अडीच मिनिटांच्या आत फाइल येते की नाही, घड्याळ लावून बघ."

संध्याकाळी त्यांनी नवा स्विच कपाटात जोडला, बायकोच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि शेवटी डब्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', तेव्हा यंत्रांनी तसं वागावं म्हणून कारखान्यात प्रत्येक यंत्रावर असं पाकीट असायचं. ते हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि एकदा ठेवलं की कोणी हात लावायचा नाही. फाइल दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत वर आली. युनने खालून टाळी वाजवली. मास्तरांनी त्या रात्री भाताचा आणखी एक वाडगा घेतला.

रविवारी ऊन चढलं आणि दहाच्या सुमाराला जोडणी तुटली. दहा मिनिटांनी आली, पुन्हा तुटली. मास्तरांनी वायरींची टोकं कापून नवी बसवली, डिस्कची पेटी बंद करून चालू केली, दूरध्वनी कंपनीलाही दोन शब्द ऐकवले, जिचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. दुपारपर्यंत जोडणी पाचव्यांदा तुटली. जिन्यात उभ्या असलेल्या मास्तरांना युनचा आवाज ऐकू आला. ती फोनवर वेन-लीला सांगत होती, "उद्या येते मी सहीला. इथे नाही जमत."

 मास्तर वर जाऊन कपाटापुढे नुसतेच बसून राहिले. थोड्या वेळाने युन वर आली, शेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाटात हात घातला.

"पाकिटाला हात लावू नकोस."

"आधी तळहात, बाबा. तुम्हीच शिकवलंय." तिने पाकिटाखाली बोटं सरकवली आणि झटकन काढून घेतली. "ठेवता येत नाहीये."

मास्तरांनी स्वतः हात घालून बघितला, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. कारखान्यातली यंत्रं पाठीमागच्या पंख्यांनी गार व्हायची. त्यांच्या डोक्यावर पाकीट वर्षभर बसलं तरी त्यांना फरक पडत नसे. या डब्याला गार व्हायला फक्त डोकं होतं, आणि भर जुलैत त्यांनी त्यावरच उशी दाबली होती. सगळं तपासलं, फक्त पाकिटाखाली बघायला हात धजावला नाही.

"डबा बरोबर निवडला," ते म्हणाले. "चूक माझी."

हे दोन शब्द युनने त्यांच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते. ती काही बोलायच्या आत ते घाईने म्हणाले, "आणि तू जाऊ नयेस, असं मला वाटतं. स्विच चालो न चालो. परवाच सांगायला हवं होतं."

 पाकीट युनने उचलून बाजूच्या फळीवर ठेवलं, कपाटाचं दार उघडं टाकलं आणि खाली गेली. मास्तर तिथेच बसून डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकताना बघत राहिले. एक तास गेला, दोन गेले. जोडणी एकदाही तुटली नाही. संध्याकाळच्या उदबत्तीच्या वेळी ती वर आली तेव्हा तिचा अख्खा माहितीपट जुळून झाला होता.

 तिने फळीवरचं पाकीट हातात घेतलं आणि मागची तारीख वाचली.

"पुढच्या एप्रिलपर्यंतचं आहे."

"हं. एप्रिलमध्ये नवं ठेवावं लागेल."

"मी ठेवीन," युन म्हणाली. "तुम्ही परत त्याच्या डोक्यावर ठेवाल."