बावीस हसरे चेहरे

बालगृहातल्या चौदा वर्षांच्या त्या मुलीला सगळ्या वकीलबाई म्हणत, आणि ते काही उगीच नाही. कुणाचा डबा सांडो, कुणाची चादर हरवो, बाजू मांडायला ही हजर. गृहमाता काकूंनी रागवायला तोंड उघडावं, तोवर हिचं निम्मं बोलून झालेलं असे. स्वतःबद्दल मात्र ती चकार शब्द काढत नसे. आई आजारपणात गेली, वडील त्याआधीच परागंदा झाले आणि ही धाकटीचा हात धरून इथे आली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, तेही काकूंकडून. धाकटी आठ वर्षांची, गोल आणि इवलीशी, म्हणून तिचं नाव पडलं वाटाणा.

तर झालं असं, की नव्या समुपदेशक मॅडमनी हॉलमध्ये एक तक्ता लावला. रोज सकाळी प्रत्येकीने आपल्या नावापुढे चेहरा चिकटवायचा: हसरा, बरा, चिडका किंवा रडका. मुलींच्या मनात काय चाललंय ते कळावं, हा मॅडमचा भाबडा हेतू. पण रडका चिकटवणारीला संध्याकाळी पाच वाजता मॅडमच्या खोलीत जाऊन अर्धा तास बोलावं लागे, आणि पाचला तर व्हॉलीबॉल सुरू होई. तिसऱ्या दिवसापासून अख्खं बालगृह आनंदात न्हाऊन निघालं.

पुढे तर मुलींना चिकटवायचाही कंटाळा आला. मग वकीलबाईने सगळ्यांचं वकीलपत्र घेतलं. दीड मिनिटात बावीस चेहरे. संशय नको म्हणून अधूनमधून कुणाला तरी 'बरा' देई, तोही पाळीपाळीने. स्वतःला आणि वाटाण्याला मात्र न चुकता हसरा. महिनाअखेर मॅडमनी खुशीत अहवाल लिहून बालकल्याण समितीकडे पाठवला.

हा शहाणपणा अंगाशी आला तो गुरुवारी. मावशीने भाचीला घरी न्यायला अर्ज केला होता, असं काकूंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. मावशी बेकरीत कामाला, राहायला बेकरीच्या वरची एकच खोली, तेव्हा तूर्त एकीलाच नेता येईल. समितीने अहवाल पाहिला. धाकटी महिनाभर रोज हसतेय, म्हणजे एकटी गेली तरी सहज रुळेल, असं त्यांचं मत पडलं. शनिवारी बैठक होती.

वकीलबाईच्या पायाखालची जमीन सरकली. वाटाणा गेली तर आपलं म्हणावं असं तिला कुणी उरणार नव्हतं. शुक्रवारी सकाळी तिने वाटाण्याच्या नावापुढे ठसठशीत रडका चेहरा चिकटवला. पण त्याच सकाळी वाटाण्याचा महिनाभर हलणारा दात एकदाचा पडला होता. ती नाचत हॉलमध्ये आली, रडका चेहरा पाहिला, ओढून काढला आणि त्या जागी हसरे दोन चिकटवले.

शनिवारी ऑफिसात समितीच्या बाई, मॅडम, काकू आणि मावशी अशा चौघी बसल्या होत्या. वकीलबाई उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मॅडमचा चेहरा पडला. "म्हणजे महिनाभर मी तुझ्या एकटीच्याच मनाचा अहवाल लिहीत होते?"

"माझ्याही नाही, मॅडम," ती म्हणाली. मग घाईघाईने तिने मुद्दा मांडला. वाटाणा रोज रडते, ताईशिवाय तिला घास जात नाही, तिला एकटीला पाठवू नका. समितीच्या बाईंनी वाटाण्याला बोलावून घेतलं आणि खरं काय ते विचारलं.

"मी कुठे रडते?" वाटाणा पडलेल्या दाताच्या फटीतून म्हणाली. "ताई रडते. न्हाणीघरात, नळ सोडून. मी बाहेर उभी राहते आणि सगळ्यांना सांगते, कडी अडकलीय म्हणून."

त्या कडीसाठी काकूंनी दोनदा सुतार बोलावला होता आणि दोन्ही वेळा तो डोकं खाजवत परत गेला होता. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. वकीलबाई मान खाली घालून उभी होती.

मग मावशीच बोलली. बेकरीच्या मागची मोठी खोली तीन महिन्यांत रिकामी होणार होती. नेईन तर दोघींना नेईन, म्हणाली, तोवर दर रविवारी येत जाईन. समितीच्या बाईंनी मान डोलावली आणि वकीलबाईला विचारलं, "तुला चालेल ना?"

तिने सवयीने युक्तिवादाला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदका आला. त्यामागोमाग दुसरा आला, आणि मग ती भर ऑफिसात, सगळ्यांसमोर, भोकाड पसरून रडली. चौघीही मोठ्या बायका एकदम खुर्च्यांवरून उठल्या.

वाटाण्याने त्यांना हातानेच थांबवलं. शेजारच्या खुर्चीवर चढून ती ताईच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"काही बोलू नका," तिने मोठ्यांना समजावलं. "पाच मिनिटं लागतात. मग तिला भूक लागते."