दुसरी जट

माझी जट खोटी होती. हे आधीच सांगून टाकते, न्हाईतर तुमी लागाल हात जोडायला. लोकायला हात जोडायची लई हौस.

लातूर जिल्हा झाला त्या साली म्या ती केली. गावात पेढे वाटून राहिले होते, आता कलेक्टर जवळ आला, समदं जवळ आलं म्हणून, आन् माझ्या पाठीवर वळ होते. नवरा व्यंकटी तसा कामाला वाघ, पण हात सुटला की थांबायचा न्हाई. भाजीत मीठ जास्ती झालं तरी मार, कमी झालं तरी मार. माझं माहेर हदगावकडचं. तिथं आमच्या गल्लीत एक जोगतीण राहायची, कमरेपर्यंत जट असलेली. जटवालीवर नवरा हात उचलत न्हाई, ते देवीचं अंग असतं, हे मी तिच्याकडूनच शिकले. जट कशी करतात तेबी तिनंच एकदा हसत हसत सांगितलतं. अंबाडीचा धागा मानेवरच्या केसात गुंफायचा, वरून वडाचा चीक आन् गुळाचं पाणी लावायचं, पंधरा दिवस फणीला शिवायचं न्हाई. म्या महिनाभर विचार केला. जट एकदा आली की परत नुसती बाई होता येत न्हाई, हे ठाऊक होतं. पण एक दिवस त्यानं मला पोरीदेखत मारलं. पोरगी शिवकन्या तवा सात वर्षांची. त्याच दुपारी मी वडाखाली गेले.

सासूनं, धुरपताबाईनं, जट पाहिली आन् माझ्या पायावर डोकं ठेवलं. ज्या बाईनं मला कधी गरम भाकर दिली न्हाई, ती! मला हसू आलं. ते दाबलं तर अंग हललं, तर म्हातारी म्हणती, अंगात आलं. म्हणलं, येऊ द्या.

पहिली दोन वर्षं लई मजेत गेली, खोटं कशाला बोलू. व्यंकटी अंगणात झोपायचा. मंगळवारी बाया यायच्या, जटेला हळदकुंकू लावायच्या, खण ठेवायच्या, आन् तोंडाला येईल ते मी सांगायची. हरवलेली म्हैस पूर्वेला हाय म्हणायची. म्हैस चार दिशांपैकी कुठंतरी असतीच.

मंग दुष्काळ पडला, लागून दोन सालं. माणसं जळकोटच्या बाजाराला जनावरं घेऊन जायची आन् न विकता परत आणायची. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरायचं. जिल्हा नवा झालता, टँकर मात्र जुनाच, तोबी चार दिवसांनी यायचा. अंघोळीचं तर नावच नको. आन् तवा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझी जट ओली लागून राहिली होती. बाकी केस कडब्यासारखे वाळलते, जट मात्र पिळली तर थेंब पडायचा. वास घामाचा न्हाई, खोल जुन्या विहिरीचा. म्या कुणाला बोलले न्हाई. खोट्या जटेचं खरं कुणाला सांगायचं?

वैशाखात गावचे पाटील हणमंतराव समद्या गावाला घेऊन दारात आले. देवी काहून रुसली, पाऊस काहून न्हाई, म्हणून इचारायला लागले. मला ठाऊक असतं तर मीच पाडला नसता का! पण माणसं हलंनात. उपाशी माणसाचे डोळे लई वाईट. त्यायला वाटेला लावावं म्हणून म्या डोकं घुमवलं आन् म्हणलं, ‘देवीला एकटीला करमत न्हाई. तिला दुसरी जटवाली पाहिजे.’ वाटलं, दुसरी हुडकता हुडकता मिरगाचा पाऊस येईल. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

चवथ्या दिवशी शिवकन्याची वेणी घालताना फणी अडली. मानेवर, जिथं माझी जट होती तिथंच, सुपारीएवढी गाठ. एरंडेल लावून एकेक केस सोडवला, त्यात अर्धा दिवस गेला. दुसऱ्या सकाळी गाठ पुन्हा तिथंच, आता बोटाएवढी लांब. शाळेतले ग्यानोबा गुरुजी म्हणाले, महिनाभर डोक्याला पाणी न्हाई, केस गुंतणारच, कापून टाका. बरोबरच होतं त्यांचं. पण मला सासूचा संशय आला, म्हातारीच्या डोक्यात भक्ती लई, रात्री तीच गुंफत आसंल. म्हणून म्या पोरीचे केस पुन्हा सोडवले, डोक्याला फडकं गुंडाळलं आन् फडक्याच्या कडा सुईदोऱ्यानं शिवून टाकल्या. सकाळी बघितलं तर टाके जसेच्या तसे. उसवले तर आत वीतभर जट, आन् तीबी ओली.

पोरीला जवळ घेऊन इचारलं. ती म्हणली, ‘आई, झोपेत कुणीतरी माझे केस विंचरतं. हात लई थंड हाय. मला बरं वाटतं.’

तिला बरं वाटतं, हे ऐकून मी जास्ती भ्याले.

धुरपताबाईच्या नजरेला ती जट पडली आन् दुपारपर्यंत गावभर खबर झाली. ठरलं की येत्या पुनवेला पोरीला माहूरला रेणुकेच्या दर्शनाला न्यायची, आन् परत आणली की गावानं तिच्या हातात परडी द्यायची. परडी हातात आली की जिंदगीभर जोगवा मागायचा. शाळा संपली, लग्न न्हाई, संसार न्हाई. आमच्या गल्लीतल्या त्या जोगतिणीच्या दारात सांजच्याला कोण कोण यायचं, ते म्या लहानपणी बघितलं होतं. देवीची म्हणजे समद्यांची, असा त्यांचा हिशेब. व्यंकटी मान खाली घालून नुसता बसला. गावापुढं त्याचा हात कधी उठला न्हाई, तो घरातच उठायचा.

मला एकच वाट दिसली. आपली जट कापायची आन् आतला अंबाडीचा धागा गावाला दाखवायचा. जट खोटी म्हणलं की माझा शब्द खोटा, दुसरीची मागणी खोटी, आन् पोरगी सुटली. फक्त त्यानंतर व्यंकटीचा हात मोकळा होणार. पुनवेला आठ दिवस होते. त्यातले सात दिवस म्या माझ्या पाठीचाच विचार केला, लाज वाटती पण सांगते.

पुनवेच्या सकाळी पारापाशी समदे जमले. नांदेडच्या वाटेला लागायला जीप उभी होती. शिवकन्याला हिरवं लुगडं नेसवलतं, ते तिच्या पायात येऊन राहिलं होतं. मी मधी गेले, कमरेचा इळा काढला आन् मोठ्यानं सांगितलं, ही जट म्या केली, अंबाडीनं आन् चिकानं केली, मार चुकवायला केली, आता बघा. आन् मुळापासून कापली.

हातात ती लई जड लागली. म्या ती मधोमध फाडली. धागा न्हाई. पुन्हा फाडली, नखानं, मंग दातानं. केसात केस, त्याच्या आत आणखी केस, आन् माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळून राहिलं. ह्याच बोटांनी म्या धागा गुंफला होता, आन् आता त्याचा एक तंतू सापडंना.

सासू मातीत आडवी झाली. दोघी-तिघी बाया पुढं आल्या आन् भुईवर पडलेलं पाणी बोटानं कपाळाला लावायला लागल्या. हणमंतरावांनी हळू आवाजात इचारलं, ‘चांगुणा, आता तूच सांग. देवी खरी का खोटी?’

मला रडू फुटलं. चार वर्षं मी कुणाच्या नावानं मजा करून राहिले होते, आन् ती तर सारा वेळ माझ्या मानेवरच बसलेली. दाखवायला माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

‘खरी आसंल,’ म्या म्हणलं. ‘तरी पोरगी देणार न्हाई.’

आन् शिवकन्याला पुढ्यात ओढून तिच्या जटेला इळा लावला. केस कापताना असा जोर लागत न्हाई. पलीकडून कुणीतरी धरल्यावानी ओढ होती, पोरीची मान मागं मागं जाऊन राहिली होती. म्याबी सोडलं न्हाई. जट तुटली तवा आमी दोघी तोंडावर पडलो.

गाव पांगलं. कुणी शिवी दिली न्हाई, त्याचंच जास्ती भ्याव वाटलं. त्या साली पाऊस असा आलाच न्हाई, आन् त्याचा बोल माझ्यावर आजवर हाय.

सांजच्याला मी चुलीपुढं बसलते. व्यंकटी आत आला आन् त्यानं दाराला कडी लावली. मारायच्या आधीचा तो आवाज चार वर्षांनी ऐकला. म्या गुडघ्यात डोकं घातलं आन् पाठ त्याच्याकडं केली. किती वेळ गेला ठाऊक न्हाई, मार काही पडंना. डोकं वर केलं तर शिवकन्या आमच्या दोघांच्या मधी उभी. वेडेवाकडे कापलेले केस, मानेवर इळ्याचा ओरखडा. ती बापाकडं बघून राहिली होती एवढंच. व्यंकटीचा उचललेला हात तसाच राहिला. मंग तो मागं मागं सरकत दाराला टेकला. कडी काढायला त्याला तीनदा चाचपावं लागलं.

पुन्हा त्यानं मला कधी बोट लावलं न्हाई. लई सालांनी तो उदगीरच्या दवाखान्यात पडला, शेवटचंच दुखणं ते. मी उशाशी बसलते. त्यानं मला खाली वाकायला लावलं आन् इचारलं, ‘त्या सांजेला पोरीच्या मागं कोण उभं होतं गं?’

‘मी होते,’ म्या सांगितलं.