थोरली गाडी गेली का?

“वर्लिनला वाट विचारू नकोस हं. तो वाट सांगत नाही, गाडी सोडतो,” असं नॉर्मा आत्यांनी केंड्राला बजावलं होतं. वर्लिन म्हणजे केंड्राचे सासरे आणि आत्यांचे सख्खे भाऊ. म्हणजे बातमी घरचीच. पण केंड्रा कॉलेज शिकलेली. तिनं ते हसण्यावारी नेलं आणि रविवारी जेवता जेवता सासऱ्यांना सहज विचारलं, “अहो पॉप, मिसूरी नदीच्या काठानं ती जुन्या रुळांची वाट जाते ना, सायकलला कशी आहे हो? चार दिवस जाऊन यावं म्हणते.”

झालं! पॉपनी हातातला काटा खाली ठेवला आणि खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली.

त्या वाटेवर रूळ होते तेव्हा पॉप तिथे मालगाडीचे गार्ड होते. पुढे रूळ उखडले, त्यांच्या जागी बारीक खडी पसरली आणि रंगीबेरंगी चड्ड्या घातलेली माणसं तिथून सायकली हाणू लागली. पण पॉपच्या लेखी गाड्या बंद झाल्याच नव्हत्या. नुसता उशीर झाला होता.

केंड्राला मात्र जायचंच होतं. ओपल झाल्यापासून ती घराबाहेर पडली ती फक्त दवाखान्यापर्यंत, आणि तेही निम्म्या वेळा उगाचच. ओपल शिंकली तरी ही डॉक्टरांच्या दारात, आणि बराच वेळ शिंकली नाही तरी दारातच. आता घराच्या भिंती अंगावर यायला लागल्या होत्या. नवऱ्याला, नेटला, पिंपांच्या कारखान्यातून रजा मिळत नव्हती, आणि तान्ह्या लेकीला घेऊन एकटीनं जायची तिची छाती नव्हती. रिकामं असं मोठं माणूस घरात एकच होतं, आणि ते टोपी घालून तयार होतं.

“पॉपसोबत?” नेट म्हणाला. “अगं, दूध आणायला पाठवलं तर ते प्रत्येक फाटकाला थांबतात. असं करा, शनिवारी त्याच वाटेनं हेल्मस्टाट गावापर्यंत रंगीत तालीम करा. तिघं जेवायला सुखरूप परत आलात तर जा. नाहीतर सहल रद्द!”

आठवडाभर घरात तयारीच तयारी. केंड्रानं दोन थर्मामीटर घेतली, कारण एक खोटं बोललं तर ते पकडायला दुसरं नको का? पॉप बरण्या, बाटल्या, दुपटी उचलून वजन अजमावत होते.

“लंगोट किती घेतलेस, पोरी?”

“चाळीस.”

“म्हणजे मालगाडीच. सांगायचं नाही का आधी? मी प्रवासी गाडी धरून बसलोय!”

शनिवारी सकाळी पॉप पुढे, मागे केंड्राची सायकल, आणि तिला जोडलेल्या दुचाकी डब्यात ओपल, अशी वरात निघाली. रस्ता आडवा आला की पॉप तोंडानंच भोंगा वाजवायचे: दोन लांब, एक आखूड, परत एक लांब. ओपल टाळ्या पिटायची. उतरून दोन्हीकडे पाहिल्याशिवाय पॉप डबा पुढे जाऊ देत नव्हते. ओपलचं हेल्मेट त्यांनी इतक्यांदा तपासलं की केंड्राला प्रथमच वाटलं, चला, आपल्याहून घाबरट माणूस जगात आहे! आणि त्या विचारानं तिला कधी नव्हे ती भूक लागली. या माणसाबरोबर चार दिवस काय, महिनाभरही जाता येईल.

हेल्मस्टाटच्या अलीकडच्या धान्याच्या कोठारापाशी मात्र पॉप मुख्य वाट सोडून बाजूच्या गवतात शिरले आणि उभे राहिले.

“आता काय?”

“इथे बाजूचा रूळ होता. पूर्वेकडे येणारी गाडी थोरली, पश्चिमेकडे जाणारी धाकटी. आपण धाकटे. धाकट्यांनी बाजूला व्हायचं आणि थोरलीला वाट द्यायची.”

तेवढ्यात समोरून एक पिवळ्या चड्डीतला सायकलवाला हात हलवत गेला.

“गेली बघा थोरली! चला.”

“मागे तांबडा दिवा होता?”

“भर उन्हात कोण लावतंय दिवा?”

“मग अर्धीच गेली. शेपटीचा दिवा दिसल्याशिवाय गाडी पुरी होत नाही. उरलेली मागे असेल.”

मग एक जोडपं गेलं. बिनदिव्याचं. एक आजीबाई गेल्या, त्याही तशाच. केंड्रा म्हणाली, “मी दिवा लावून पुढून वळून येऊ का?”

“तू माझ्याच गाडीचा डबा आहेस, पोरी. स्वतःच स्वतःला ओलांडून जातं का कुणी?”

“पॉप, जेवायच्या आत घरी पोचलो नाही तर सहल बुडेल हो!”

पॉपचा चेहरा पडला. त्यांनी एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा ओपलकडे. “ठाऊक आहे गं. मलाही जायचंय. पण आज घाईनं नियम मोडला, तर उद्या हिला माझ्या भरवशावर कशी नेशील?”

वाईट म्हणजे, केंड्राला ते पटलं. ओपल भुकेनं रडायला लागली तेव्हा पॉपनीच केंड्राला घरी पिटाळलं. “डबा पुढे नेऊन ठेव. मी आलोच.” नेट दारातच घड्याळाकडे बोट दाखवत उभा होता. “पॉप मार्गावर आहेत,” केंड्रानं सांगितलं. “ते आल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणजे उशीर व्हायचा प्रश्नच नाही.” आणि तिनं जेवणावर झाकण घातलं.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी आज त्या वाटेनं पूर्वेकडे येणार असेल, तर केंड्राची एवढी विनवणी ऐका. हेल्मस्टाट जवळ आलं की मागचा तांबडा दिवा लावा. ऊन असलं तरी लावा. आणि कोठारापाशी जरा थांबून बघा हो, म्हातारे सावलीत उभे आहेत ना, पाणी पितायत ना. गवत फार वाढलंय तिथे. कानामागे गोचीड तर चिकटली नाही ना, तेवढंही बघा.