हवेच्या गादीला टाके

“आत काय भरलंय म्हणालात?” गादीवाल्याने पडल्या पडल्या विचारलं.

“हवा,” भाड्याची गादी लावायला आलेला माणूस म्हणाला.

“म्हणजे काही नाहीच की. नुसती खोळ भाड्याने देता तुम्ही.”

गादीवाल्याचं अर्धं अंग गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरलेला माणूस, गादीचा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण. त्याचे आजोबा पेंढा भरायचे. रात्रभर गादी करकरायची आणि पिसवा चावायच्या त्या वेगळ्याच. वडिलांनी कापूस आणला. राजेरजवाडे म्हणे पिसांवर झोपायचे, तरी बिचाऱ्यांना झोप लागायची नाही. मग काथ्या आला, स्प्रिंगा आल्या, फोम आला आणि याचं दुकान बसलं. “आता हवा आली,” तो म्हणाला. “यापुढे नुसतं गादीचं नाव सांगतील आणि म्हणतील, झोपा.” त्या माणसालाही हसू आलं.

गादीवाली मात्र हसली नाही. ती पंपाकडे बघत होती. पंप गादीच्या नळ्या आळीपाळीने फुगवणार, म्हणजे नवऱ्याला सारखं कुशीवर वळवावं लागणार नाही. गेली कित्येक वर्षं दिवसरात्र तेच करत ती या खोलीत अडकून पडली होती. तिची धाव कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, तीही घाईघाईत. नवऱ्यावर तिचा जीव होता आणि या खोलीचा तिला वीट आला होता. दोन्ही खरं होतं.

आणि दुसऱ्या गावी तिच्या थोरल्या बहिणीची दृष्टी चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. फार तर पंधरवडा, म्हणाले होते. ताईला प्रवास झेपत नव्हता. “दिसतंय तोवर एकदा तुझं तोंड बघू दे गं,” ती फोनवर म्हणाली होती. त्यासाठी ही गादी. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी परत.

“टोकदार काही लागू देऊ नका हं,” जाता जाता त्या माणसाने बजावलं. दोघांनी माना डोलावल्या. तिने लगेच उशाजवळची कात्री उचलून फळीवर ठेवली, पलंगाचा वर आलेला खिळासुद्धा ठोकून घेतला.

निघायच्या सकाळी दीर सोबतीला येऊन बसला. त्याच्या खांद्यात सळई घातलेली, त्याला वजन उचलायला बंदी. पण आता उचलायचंच काही नव्हतं. ती निळे नवे कपडे घालून तयार झाली, पिशवी दाराशी ठेवली.

“चादर सरकतेय गं,” नवरा म्हणाला. “पाठीखाली गोळा होतेय. चार टाके घाल की कोपऱ्यांना.”

“घालते.”

लग्न झाल्यापासून त्याने गादी भरायची आणि तिने टाके घालायचे, असंच चालत आलं होतं. तिने लांब सुई घेतली आणि चारही कोपऱ्यांना टाके घातले. चांगले खोल, आतल्या भरणाला पकडतील असे. कात्री टोकदार, खिळा टोकदार. सुई मात्र त्या घरात टोकदार वस्तूंमध्ये धरतच नसत. ती बोटांपैकीच एक होती. दोरा तोडून ती पिशवीकडे वळली.

“अगं, मी खाली चाललोय,” नवरा म्हणाला.

पंप जोरजोरात घुरघुरत होता आणि नवरा हळूहळू फळ्यांना टेकत होता. दिराने खाली वाकून कान लावला. मग त्याला दोरा दिसला.

“वहिनी, टाके घातलेत तुम्ही?”

तिच्या हातात अजून सुई होती.

दिराने सायकलच्या ट्यूबला लावतात तशी ठिगळं आणून लावून पाहिली. एक भोक बुजलं की शेजारचं फुसफुसायला लागे. दुकानात फोन केला. सगळ्या गाद्या बाहेर गेलेल्या, महिनाभर दुसरी मिळायची नाही.

“तुम्ही जा, मी बघतो,” दीर म्हणाला आणि त्याने भावाच्या पाठीखाली हात घातला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊ जागचा हलला नाही.

“एक दिवस पडलो एका कुशीवर, तर काय मरत नाही मी,” नवरा म्हणाला. “जा तू.”

पण मागे असंच पडून राहून त्याच्या पाठीला झालेली जखम तिने धुतली होती. आत हाड दिसायचं. ते तिघांनाही ठाऊक होतं.

“मीच म्हणालो टाके घाल,” तो म्हणाला आणि रडायला लागला. तिला राग आला; त्याचा, स्वतःच्या हातांचा, त्या शिकवल्यासारख्या चालणाऱ्या बोटांचा. एवढा राग की त्याचे डोळे पुसायलाही ती गेली नाही. बस केव्हाच सुटली असणार.

बऱ्याच वेळाने तिने ताईला फोन लावला.

“नाही जमत गं ताई. गादी फुटली. माझ्याच हातून.”

कशी फुटली, ते ताईने विचारलं नाही.

“आता अंगावर काय घातलंयस?” तिने विचारलं.

“निळं. नवं आहे.”

“गडद की फिकं?”

“गडद.”

“आणि केस?”

“पांढरे झाले. कानामागचे तेवढे काळे राहिलेत.”

“बारीक झालीस?”

“हो. गालफडं बसली. आईसारखी दिसते म्हणतात.”

“थांब,” ताई म्हणाली. “जरा उजेडाकडे तोंड कर.”

ती खिडकीकडे वळली, केस कानामागे सारले आणि फोन धरून तशीच उभी राहिली.