इमॅन्युएलचा जिवाणू

नवापूरच्या डोंगरपट्ट्यातली प्रिस्किला नंदुरबारला एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लागली, त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ इमॅन्युएल अंथरुणाला खिळला. आधी चार दिवस जुलाब. ते थांबले, आणि दहाव्या दिवशी पायांना मुंग्या आल्या. आठवड्याभरात हातपाय गेले, श्वासही यंत्रावर आला. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जुलाबाच्या काही जिवाणूंच्या अंगावर माणसाच्या नसांवर असतो तसाच एक रेणू असतो. शरीर जिवाणूला मारायला उठतं आणि आपल्याच नसांवर तुटून पडतं. बरेच जण यातून उठतात. इमॅन्युएल सात महिन्यांनी घरी आला होता, पण मान वळवण्यापलीकडे काही होत नव्हतं.

प्रिस्किलाने प्रयोगशाळेच्या मॅडमच्या मागे लागून हा जिवाणू आला कुठून ते शोधण्याचं काम मागून घेतलं. इस्पितळाने जपून ठेवलेला भावाचा जिवाणू तिने बर्फात घालून आणला. पोल्ट्रीतले, विहिरींचे, घरोघरच्या कोंबड्यांचे नमुने गोळा केले. प्रत्येक नमुन्यातला जिवाणू वाढवायचा, फक्त त्या रेणूला चिकटणारा रंग टाकायचा आणि बघायचं. महिनोन्‌महिने भावाच्या नमुन्याशिवाय काही उजळलं नाही. मग आणखी एक उजळला: आईच्या परसातल्या कोंबडीचा. मॅडमनी पुन्हा तपासायला लावलं. दोन्हींतला जिवाणू एकच निघाला.

रविवारी ती घरी गेली तेव्हा आई, सुसाना, चर्चला गेली होती. इमॅन्युएलने विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मग आता औषध मिळेल?"

"नाही. पुढच्या कुणाला उपयोग झाला तर झाला."



"आईला सांगू नको," तो म्हणाला. "जुलाब लागायच्या आधी मीच हट्ट केला होता कोंबडीचा. तिने घाईघाईत केली, कच्चीच राहिली."

दिवाळीच्या आधी त्याच्या छातीत कफ साठला आणि दोन दिवसांत तो गेला. दफनानंतर पाहुणे पांगले, तेव्हा सुसानाने लेकीला विचारलं, इतके दिवस शोधत होतीस, काही सापडलं का?

"नाही, आई."

सुसाना मान हलवून दाणे टाकायला परसात गेली. प्रिस्किला मागोमाग गेली. कोंबड्या काढून टाक, असं म्हणायला तिच्याकडे कारण उरलं नव्हतं. हात साबणाने धुवत जा, एवढंच ती म्हणाली.